सेवेला निघालेले विद्यार्थी

उन्हाळ्याची सुट्टी लागली की अमेरिकेतील चर्चमधून तरुण मुलामुलींचे गट परदेशी निघतात. मेक्सिको, ग्वाटेमाला, होंडुरास अशा देशांत आठ-पंधरा दिवस मुक्काम करायचा, शाळेच्या भिंती रंगवायच्या, एखादे घर बांधायचे, मुलांना चार धडे शिकवायचे, प्रार्थना करायची आणि परतायचे. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनाऊ यांनी २००५ सालच्या पाहणीवरून असा अंदाज मांडला, की अमेरिकेतील चर्चचे सुमारे १६ लाख सदस्य एका वर्षात अशा छोट्या सेवायात्रांना परदेशी जातात. यात सेवाही घडते आणि शिक्षणही, असे आयोजक सांगतात. पण सेवा कोणाची आणि शिक्षण कोणाचे? हा प्रश्न १९६८ साली एका कॅथलिक धर्मगुरूने भर सभेत विचारला. त्यांचे नाव इव्हान इलिच. शाळा नावाच्या व्यवस्थेवर घाव घालणारे लेखक म्हणून आपल्याकडच्या शिक्षकांना ते ठाऊक आहेत. त्यांची ही आधीची गोष्ट मात्र क्वचितच सांगितली जाते.

इलिच यांचा जन्म १९२६ सालचा, व्हिएन्नाचा. रोममध्ये धर्मदीक्षा घेऊन ते १९५१ मध्ये न्यूयॉर्कला आले. त्यांच्या चर्चच्या परिसरात प्वेर्तो रिकोहून पोटासाठी आलेली गरीब कुटुंबे दाटीवाटीने राहत होती. तिथल्या आयरिश वळणाच्या पाद्र्यांना या लोकांची भाषाही कळत नव्हती आणि भक्तीची रीतही. इलिच स्पॅनिश शिकले ते पुस्तकातून कमी आणि या शेजाऱ्यांकडून जास्त. पुढे १९५६ मध्ये त्यांना प्वेर्तो रिकोतील पॉन्से येथील कॅथलिक विद्यापीठाचे उपप्रमुख नेमले गेले. तिथे त्यांनी न्यूयॉर्कच्या धर्मगुरूंसाठी भाषावर्ग सुरू केले. भाषा म्हणजे नुसते शब्द नव्हेत, समोरचा माणूस गप्प केव्हा होतो आणि का होतो हेही शिकावे लागते, हा त्यांचा आग्रह. मला स्वतःला त्यांच्या साऱ्या विचारांत हा विचार सर्वांत मोलाचा वाटतो.

राजकारणावरून तिथल्या बिशपांशी बिनसले आणि १९६० मध्ये त्यांनी बेट सोडले. नेमके पुढच्याच वर्षी पोप तेविसावे जॉन यांच्या वतीने अमेरिकेतील धर्मसंघांना एक आवाहन झाले : दहा वर्षांत आपल्यातील दहा टक्के माणसे लॅटिन अमेरिकेत पाठवा. धर्मगुरू, जोगिणी आणि साधे प्रापंचिक स्वयंसेवकही निघाले. त्यांना तयार करण्यासाठी इलिच यांनी मेक्सिकोतील कुएर्नावाका या गावी केंद्र उघडले. जुने हॉटेल भाड्याने घेतलेले, शिकवायला तिथलीच स्पॅनिश बोलणारी माणसे. पदव्या मिरवत आलेल्या मंडळींना लहान मुलासारखे तीच तीच वाक्ये घोकावी लागत. इलिच यांचा हेतूच तो होता. आपल्याला काही येत नाही हे ज्याला पचत नाही, त्याने परत जावे.

वर्षे गेली तशी त्यांची खात्री पटत गेली, की या लोंढ्याने लॅटिन अमेरिकेचे भले होण्याऐवजी तिथे अमेरिकी राहणीच रुजते आहे. १९६७ मध्ये एका जेझुइट साप्ताहिकात त्यांनी या परोपकाराची काळी बाजू मांडली आणि गदारोळ उडाला. मग आला २० एप्रिल १९६८ चा दिवस. दरवर्षी सुट्टीत मेक्सिकोच्या खेड्यांत सेवेला जाणाऱ्या अमेरिकी विद्यार्थ्यांच्या संघटनेची परिषद कुएर्नावाकात भरली होती आणि इलिच पाहुणे वक्ते होते. पाहुण्याने दोन कौतुकाचे शब्द बोलावेत ही रीत. इलिच यांनी मुलांना तोंडावर दांभिक म्हटले. तुमचे हेतू चांगले आहेत, पण ज्या गावात तुम्ही जाता तिथे भाषेच्या बाबतीत तुम्ही मुके आणि बहिरे असता, लोक तुमच्याबद्दल काय म्हणतात हेसुद्धा तुम्हाला कळत नाही. सेवाच करायची तर आपल्या देशात करा, तिथला गरीब निदान तुम्हाला चालते व्हा असे सांगू तरी शकेल. मेक्सिकोत यायचे तर डोंगर पाहायला या, अभ्यासाला या, मदतीचे नाव काढू नका. असा एकूण सूर होता.

आपल्याकडे म्हण आहे, घरचे झाले थोडे आणि व्याह्याने धाडले घोडे. यजमान गावाची अवस्था तीच होत असणार. पाहुण्यांची निजायची सोय, पिण्याचे पाणी, दुभाषा, सगळे त्या गरिबांनीच पाहायचे.

इलिच यांचे सगळेच मला पटत नाही. वीस वर्षांच्या पोराला दांभिक म्हणणे सोपे असते. आपल्याकडे १९६९ मध्ये राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. महाविद्यालयात इतिहास शिकवत असताना मीही अनेक वर्षे तिच्या शिबिरांना गेलो आहे. एका गावात मुले मोठ्या उत्साहाने शोषखड्डा खणत होती. ओट्यावर बसलेली एक आजी म्हणाली, ‘‘पोरांनो, पावसाळ्यात समदं पाणी इथंच तुंबतंय, तुमचा खड्डा मुरवंल कसा? त्या तिकडं खणा.’’ मुलांनी जागा बदलली. आजीची भाषा मुलांना कळत होती म्हणून हे घडले. तीच मुले ग्वाटेमालात असती, तर आजी गप्प बसली असती आणि तो होकार समजला गेला असता.

होंडुरासमध्ये १९९८ साली मिच चक्रीवादळाने हाहाकार केला, तेव्हा उत्तर अमेरिकेतून चर्चचे गट घरे बांधायला धावले. कर्ट व्हर बीक या समाजशास्त्रज्ञाने नंतर त्याचा अभ्यास केला. ज्या घराला स्थानिक संस्थांकडून सुमारे २ हजार डॉलर लागत, त्यापायी पाहुण्यांच्या गटाचा प्रवासासकट सुमारे ३० हजार डॉलर खर्च होई. घर मिळालेल्या कुटुंबांच्या दृष्टीने, ते कोणी बांधले याने विशेष फरक पडला नव्हता. तेवढ्या पैशांत स्थानिक गवंड्यांना काम मिळून पंधरा घरे उभी राहिली असती. म्हणजे २८ हजार डॉलर हा पाहुण्यांच्या शिक्षणाचा खर्च. शिक्षण म्हणून तो कदाचित योग्यही असेल, पण मग सेवेच्या खात्यावर तो कशाला मांडायचा?

इलिच यांना याची किंमत मोजावी लागली. १९६८ मध्येच रोमला बोलावून त्यांची चौकशी झाली, पुढच्या वर्षी धर्मगुरूंना त्यांच्या केंद्रात जाण्यास बंदी झाली आणि त्यांनी पौरोहित्याचे काम सोडले. १९७६ मध्ये त्यांनी आपणहून केंद्रही बंद केले. गंमत अशी, की सेवायात्रेला निघणाऱ्या अमेरिकी विद्यार्थ्यांना त्यांचे तेच कडवट भाषण नंतर पूर्वतयारीचा पाठ म्हणून नेमले जाऊ लागले.

जानेवारी १९७८ मध्ये इलिच वर्ध्याजवळ सेवाग्रामला आले, एका परिषदेच्या उद्घाटनाला. भाषणापूर्वी ते बापू कुटीत जाऊन बसले आणि ती माती-लाकडाची झोपडी काय सांगते ते ऐकण्याचा प्रयत्न केला, असे त्यांनी श्रोत्यांना सांगितले. मग ते बराच वेळ त्या कुटीविषयीच बोलले : पादत्राणे कुठे काढायची, पाहुणा कुठे बसायचा, आजाऱ्याची जागा कोणती.