खांदेरीची लढाई : जिंकले कोण?

१६७९ च्या पावसाळ्याच्या अखेरीस मायनाक भंडारी यांनी शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून थळच्या किनाऱ्यासमोरील खांदेरी बेटावर तटबंदी सुरू केली. मुंबईच्या तोंडाशी किल्ला नको, म्हणून इंग्रजांनी बेटाची नाकेबंदी केली. १८ ऑक्टोबरला पहाटे दौलतखानाचे आरमार त्यांच्यावर चालून गेले. 'डव्ह' ही इंग्रजांची गुराब मराठ्यांच्या हाती लागली. पण केग्विनच्या 'रिव्हेंज' जहाजाच्या तोफांपुढे मराठी गलबतांना मागे फिरावे लागले. इंग्रजांनी हा आपला विजय मानला.

मग बेट का पडले नाही? आम्हांला याचे उत्तर शौर्याइतकेच पाण्यात शोधावेसे वाटते. इंग्रजांची मोठी जहाजे शिडांवर चालत. वारा पडला की जागीच खिळत. त्यांचा तळ खोल, त्यामुळे उथळ, खडकाळ पाण्यात शिरणे धोक्याचे. मराठ्यांच्या लहान होड्या वल्ह्यांवर चालत आणि पाण्यात थोड्याच बुडत. रात्री नाकेबंदीतून निसटून त्या बेटावर रसद पोचवीत.

मोरगावच्या वर्गातही हे दाखवता येईल. एक पसरट आणि एक उभट डबा घ्या. दोन्हींचे वजन सारखे होईल इतकी वाळू भरून ते पाण्याच्या टबात सोडा. दोन्ही सारखेच पाणी बाजूला सारतात, पण उभट डबा अधिक खोल जातो. (कऱ्हेला पाणी असेल तर तिथेच न्या, मुले अधिक रमतील.)

जानेवारी १६८० मध्ये इंग्रजांनी तह करून जहाजे काढून घेतली. खांदेरी मराठ्यांकडेच राहिली. त्याच सुमारास सिद्दीने शेजारची उंदेरी बळकावली आणि तिथून खांदेरीवर तोफा डागायला सुरुवात केली.