जुन्या टीव्ही मालिकांच्या डीव्हीडी: सुटी डिस्क घ्यावी की अख्खा सीझन? खरेदीआधी हे तपासा

'स्टार ट्रेक' या गाजलेल्या अमेरिकन मालिकेचे एकूण ७९ एपिसोड आहेत. १९६६ ते १९६९ या काळात ते टीव्हीवर दाखवले गेले. पण २००१ च्या सुमारास एखाद्या चाहत्याला ही मालिका डीव्हीडीवर पूर्ण हवी असेल, तर त्याला ४० सुट्या डिस्क घ्याव्या लागत. एका डिस्कवर साधारण दोन एपिसोड असायचे. पुढे २००४ मध्ये हीच मालिका तीन सीझनच्या तीन सेटमध्ये आली. पहिल्या सीझनचे २९ एपिसोड फक्त ८ डिस्कमध्ये मावले.

मग ज्यांनी पैसे साठवून ४० डिस्क जमवल्या होत्या, ते फसले का? सरळ 'हो' म्हणावंसं वाटेल, पण उत्तर तितकं सोपं नाही.

आज हा प्रश्न पुन्हा महत्त्वाचा झालाय. नेटफ्लिक्सने अमेरिकेतली डिस्क भाड्याने देण्याची सेवा सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केली. 'बेस्ट बाय' या तिथल्या मोठ्या दुकानसाखळीने २०२४ मध्ये डीव्हीडी आणि ब्लू-रे विकणं थांबवलं. त्यामुळे जुन्या मालिकांच्या बऱ्याचशा डिस्क आता सेकंडहँड बाजारातच मिळतात. तिथे सुट्या डिस्क आणि सीझन सेट शेजारी शेजारी विकायला असतात, आणि नेमकं काय घ्यावं हे कळत नाही. तेच समजून घेऊया.

सुट्या डिस्क आल्या कुठून?

ही पद्धत व्हिडिओ कॅसेटच्या काळापासून चालत आली. व्हीएचएस कॅसेटवर चांगल्या दर्जाचं रेकॉर्डिंग साधारण दोन तास बसायचं. तासाभराच्या मालिकेचे दोन, फार तर तीन एपिसोड. २४ एपिसोडचा सीझन विकायचा तर आठ-दहा कॅसेटचा गठ्ठा झाला असता. तो दुकानात ठेवायला जागा नाही आणि घ्यायला गिऱ्हाईक नाही. म्हणून कंपन्या एक-दोन एपिसोडची कॅसेट सुटी विकायच्या, किंवा लोकप्रिय एपिसोड निवडून 'बेस्ट ऑफ' काढायच्या.

डीव्हीडी आली तेव्हा सुरुवातीला हीच सवय पुढे चालू राहिली. 'द ट्वायलाइट झोन' या १९५९ ते १९६४ मधल्या मालिकेचे १५६ एपिसोड ४० हून जास्त सुट्या डिस्कवर विकले गेले. त्यांना क्रमही नव्हता. एकाच डिस्कवर वेगवेगळ्या सीझनचे एपिसोड असायचे.

सीझन सेटची पद्धत कशी रुळली?

मे २००० मध्ये 'द एक्स-फाइल्स' या मालिकेचा पहिला सीझन अमेरिकेत एका बॉक्समध्ये आला. २४ एपिसोड, ७ डिस्क आणि छापील किंमत सुमारे १५० डॉलर. त्या काळात ही रक्कम मोठी होती. तरीही तो विकला गेला. प्रेक्षकांना निवडक नाही, तर सगळे एपिसोड क्रमाने हवे आहेत, हे कंपन्यांच्या लक्षात आलं. कॅसेटच्या मानाने डिस्क पातळ असल्याने जागेचा प्रश्नही मिटला होता. पुढच्या काही वर्षांत सीझन सेट हीच नेहमीची पद्धत झाली.

मग सुटी डिस्क कुणी घ्यावी?

हे मालिकेच्या रचनेवर अवलंबून आहे. प्रत्येक एपिसोडमध्ये गोष्ट पूर्ण होत असेल, तर सुटी डिस्क घेऊन काहीच अडत नाही. 'द ट्वायलाइट झोन'मध्ये दर एपिसोडला नवी गोष्ट आणि नवी पात्रं असतात. 'कोलंबो' या गुप्तहेर मालिकेचा प्रत्येक एपिसोड जवळपास सिनेमाइतका लांब आणि स्वतंत्र आहे. अशा मालिकांमधले आवडते चार-पाच एपिसोडच हवे असतील, तर अख्ख्या सेटचा खर्च कशाला?

ब्रिटनच्या 'डॉक्टर हू'चं उदाहरण आणखी वेगळं आहे. १९६३ ते १९८९ या काळात या मालिकेची एक गोष्ट बहुतेकदा चार ते सहा भागांत सांगितली जायची. बीबीसीने १९९९ पासून डीव्हीडी काढल्या त्याही गोष्टीनुसार, म्हणजे एका खोक्यात एक पूर्ण कथा. २०१८ पासून तिचे अख्खे सीझन ब्लू-रे सेटमध्ये यायला लागले, पण तेही क्रमाने नाही. सुरुवात थेट बाराव्या सीझनपासून झाली.

शिवाय साठच्या दशकातले 'डॉक्टर हू'चे नव्वदहून जास्त एपिसोड आज अस्तित्वात नाहीत, कारण बीबीसीने त्या टेप पुसून पुन्हा वापरल्या होत्या. त्या काळातल्या काही सीझनचा 'पूर्ण' सेट घ्यायचा म्हटलं, तरी सगळे मूळ एपिसोड मिळूच शकत नाहीत.

सेट कधी घ्यावा?

कथा पुढे सरकत जाणारी असेल, पात्रांचं आयुष्य सीझनभर बदलत असेल, तर सेटच हवा. 'द एक्स-फाइल्स'मधलं परग्रहवासीयांचं कथानक अनेक सीझन चालतं. मधले दोन एपिसोड नसले तर पुढचं कळत नाही.

दुसरं कारण खर्चाचं. सुटी डिस्क स्वस्त वाटते, पण हिशोब एपिसोडमागे करायला हवा. किमतीला एपिसोडच्या संख्येने भागा. ३०० रुपयांच्या डिस्कवर दोन एपिसोड असतील तर एक एपिसोड १५० रुपयांना पडला. १,५०० रुपयांच्या सेटमध्ये २४ असतील तर एक एपिसोड ६३ रुपयांच्या आतच पडतो. सुट्या डिस्क परदेशातून मागवल्या तर प्रत्येक वेळी पोस्टाचा खर्चही वेगळा.

तिसरी गोष्ट क्रमाची. 'स्टार ट्रेक'च्या सुट्या डिस्क एपिसोड ज्या क्रमाने तयार झाले त्या क्रमाने होत्या, तर सीझन सेट टीव्हीवर दाखवल्याच्या क्रमाने. त्यामुळे टीव्हीवर तिसऱ्या आठवड्यात दिसलेला 'व्हेअर नो मॅन हॅज गॉन बिफोर' हा एपिसोड सुट्यांमध्ये पहिल्याच डिस्कवर होता. दोन्ही क्रमांना चाहते आहेत, पण आपण कोणता क्रम बघतोय हे माहीत असलेलं बरं.

'कम्प्लीट' लिहिलंय म्हणजे सगळं आहे का?

नाही, आणि बहुतेक जण फसतात ते इथेच. खोक्यावर 'कम्प्लीट सीझन' असं छापलेलं असतं तेव्हा एपिसोडची संख्या पूर्ण असते. पण प्रत्येक एपिसोड आतून पूर्ण असेलच असं नाही.

पहिली अडचण गाण्यांची. सत्तर-ऐंशीच्या दशकात मालिकांमध्ये गाणी वापरण्याचे हक्क फक्त टीव्हीपुरते घेतले जायचे. डिस्कसाठी ते पुन्हा विकत घ्यावे लागतात आणि ते महाग पडतं. 'डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी' ही मालिका एका रेडिओ स्टेशनवर घडते, म्हणजे गाणी हा तिचा जीवच. २००७ मध्ये तिचा पहिला सीझन डीव्हीडीवर आला तेव्हा अनेक मूळ गाणी काढून दुसरं संगीत टाकलेलं होतं. २०१४ मध्ये दुसऱ्या कंपनीने संपूर्ण मालिकेचा सेट काढला, त्यात बरीचशी मूळ गाणी परत आली. त्यामुळे नाव तेच असलं, तरी दोन सेटमध्ये ऐकायला मिळतं ते वेगळं.

दुसरी अडचण कात्रीची. जुन्या मालिका दुसऱ्या वाहिन्यांवर पुन्हा दाखवताना जास्त जाहिराती बसाव्यात म्हणून एपिसोड छोटे केले जात. कधीकधी हीच कापलेली प्रत डिस्कवर येते. 'रोझॅन' या विनोदी मालिकेच्या पहिल्या सीझनचा २००५ मधला सेट असाच होता.

तिसरी अडचण 'सुधारित' आवृत्तीची. २००६ पासून 'स्टार ट्रेक'मधली अंतराळातली दृश्यं संगणकावर नव्याने बनवली गेली. २००९ च्या ब्लू-रे सेटमध्ये जुनी आणि नवी अशी दोन्ही दृश्यं निवडण्याची सोय आहे. पण सगळ्याच आवृत्त्यांमध्ये ती नाही. त्या ४० सुट्या डिस्कवर मात्र साठच्या दशकातली मूळ दृश्यंच आहेत. ज्यांनी त्या जपून ठेवल्या, ते म्हणूनच पूर्ण फसले असं म्हणता येत नाही.

सेट अर्धवट राहिला तर?

सीझनचे सेट घेताना हा धोका असतो. पहिला सीझन कमी खपला तर कंपनी पुढचे काढतेच असं नाही. 'द मेरी टायलर मूर शो'चा पहिला सीझन २००२ मध्ये डीव्हीडीवर आला आणि दुसऱ्यासाठी प्रेक्षकांना २००५ पर्यंत थांबावं लागलं. सातवा आणि शेवटचा सीझन आला तो २०१० मध्ये.

कधी एकाच सीझनचे दोन तुकडे करतात. 'पेरी मेसन' या कोर्टातल्या खटल्यांवरच्या मालिकेचे ९ सीझन २००६ ते २०१३ या काळात अर्धे-अर्धे विकले गेले. त्यामुळे खोक्यावर 'सीझन १' एवढंच वाचून पैसे देऊ नका. त्यापुढे 'व्हॉल्यूम १' आहे का, ते पाहा.

मालिकेचे सगळे सीझन आलेले आहेत का, हे आता खरेदीआधीच कळू शकतं. आले असतील तर संपूर्ण मालिकेचा एकच सेट आहे का हेही शोधा. अनेकदा तो सुट्या सीझनच्या बेरजेपेक्षा स्वस्त असतो.

भारतातून मागवताना काय बघायचं?

सगळ्यात आधी रिजन कोड. डीव्हीडीसाठी भारत रिजन ५ मध्ये येतो, अमेरिका १ मध्ये आणि ब्रिटन २ मध्ये. ब्लू-रेसाठी भारत सी, अमेरिका ए आणि ब्रिटन बी. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी हौसेने आणलेला सेट घरच्या प्लेअरवर लागत नाही, त्यामागे बहुतेकदा हेच कारण असतं. 'मल्टी-रिजन' प्लेअर असेल किंवा डिस्कवर 'ऑल रिजन' लिहिलेलं असेल तर अडचण येत नाही. मोठा सेट मागवण्याआधी त्याच देशातली एखादी स्वस्त सुटी डिस्क लावून बघणं शहाणपणाचं.

दुसरं म्हणजे वेळ. फिल्मवर चित्रित झालेल्या मालिका ब्रिटन किंवा भारतातल्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीवर साधारण ४ टक्के वेगाने चालतात. ५० मिनिटांचा एपिसोड ४८ मिनिटांत संपतो. म्हणजे तो कापलाय असं नाही. पण अमेरिकन डिस्कवर २४ मिनिटांचा एपिसोड २१ मिनिटांचाच दिसत असेल, तर शंका घ्यायला जागा आहे.

सेकंडहँड घेताना या गोष्टी तपासा

- डिस्कची संख्या: खोक्यावर लिहिलेल्या आकड्याइतक्या डिस्क आत आहेत का? विक्रेत्याकडून प्रत्येक डिस्कचा फोटो मागवा.
- मागची बाजू: कारखान्यात छापलेली डिस्क मागून चंदेरी किंवा फिकट सोनेरी दिसते. जांभळट दिसत असेल तर ती घरी कॉपी केलेली असण्याची शक्यता जास्त.
- दोन्ही बाजूंनी चालणारी डिस्क: काही सेटमध्ये खर्च वाचवायला अशा डिस्क वापरल्या गेल्या. दोन्ही बाजूंना चरे पडू शकतात, त्यामुळे उलटून पालटून बघा.
- आवृत्तीचं वर्ष: एकाच सीझनचे तीन-तीन सेट बाजारात असतात. गाणी, कात्री आणि दृश्यं यांतला फरक वर्षावरून शोधता येतो.
- जोड लावताना: सेटमधली एक डिस्क खराब असेल तर तिची जागा सुटी डिस्क घेऊ शकते. मात्र एपिसोडचा क्रम जुळतो का, ते आधी बघा.

एवढा खटाटोप कशासाठी?

हे सगळं ऑनलाइन मिळतं की, असं वाटू शकतं. पण 'मूनलायटिंग' ही ऐंशीच्या दशकातली गाजलेली मालिका अमेरिकेत स्ट्रीमिंगवर आली ती थेट ऑक्टोबर २०२३ मध्ये. त्याआधी कित्येक वर्षं ती बघायची तर छपाई थांबलेल्या जुन्या डीव्हीडी शोधाव्या लागायच्या. जून २०२० मध्ये 'द गोल्डन गर्ल्स'चा एक एपिसोड हुलू या प्लॅटफॉर्मवरून काढला गेला, कारण त्यात चेहऱ्याला मातीचा लेप लावलेल्या दोन गोऱ्या पात्रांचा प्रसंग होता. तो काढणं योग्य होतं का, यावर वाद होऊ शकतो. पण ज्यांच्या घरी त्या सीझनची डिस्क होती, त्यांना तो एपिसोड बघून स्वतःचं मत बनवता आलं.

थोडक्यात, स्वतंत्र गोष्टींच्या मालिकेतले मोजके एपिसोड हवे असतील तर सुटी डिस्क घ्या. सलग कथा असेल, किंवा मालिका पुन्हा पुन्हा बघायची असेल तर सेट घ्या. आणि नवा सेट आणलात म्हणून जुन्या सुट्या डिस्क लगेच रद्दीत देऊ नका. आधी एक एपिसोड दोन्हीवर लावून बघा. गाणी तीच आहेत का? वेळ तेवढीच आहे का? दृश्यं मूळची आहेत का? तिन्हींचं उत्तर 'हो' आलं, तरच जुनी डिस्क विकायला काढा.