जळगावच्या ठिबकची वाटचाल

जामनेर तालुक्यातील वाकोदच्या शेतकरी कुटुंबातील भवरलाल जैन यांनी १९६३ मध्ये घरातली ७,००० रुपयांची पुंजी लावून जळगावात केरोसीन विकायला सुरुवात केली. १९७८ मध्ये केळीच्या भुकटीचा डबघाईला आलेला कारखाना ३० लाखांना घेतला आणि तिथे पपईच्या चिकापासून पपेन बनू लागले. १९८० मध्ये पीव्हीसी पाइप आले, १९८६ मध्ये जैन इरिगेशन सिस्टीम्सची नोंदणी झाली.

या कंपनीने आणलेले ठिबक सिंचन रुजवणे मात्र सोपे नव्हते. सरी तुडुंब भरल्याशिवाय केळीला पाणी मिळाले असे न मानणाऱ्या शेतकऱ्याला बोटाएवढ्या नळीतून पडणारा थेंब पटवायचा होता. कंपनीने नळ्या विकून हात झटकले नाहीत. तिचे कृषितज्ज्ञ बांधावर उभे राहिले, फिल्टर कसा धुवायचा, विद्राव्य खत नळीतूनच मुळाशी कसे पोचवायचे हे दाखवत राहिले. कंदाऐवजी ग्रँड नैन या केळीच्या वाणाची टिश्यू कल्चर रोपे आली, तेव्हा मळे एकसारखे निसवू लागले. ज्यांनी पहिल्या फेरीत धोका पत्करला, त्या रावेर-यावल तालुक्यांतल्या शेतकऱ्यांचे श्रेय यात सर्वांत मोठे.

नव्वदच्या दशकात कंपनी शेतीबाहेरच्या व्यवसायांत शिरली आणि तोट्यात गेली. भवरलालजींनी ती चूक उघड मान्य केली आणि पाऊल पुन्हा शेतीकडे वळवले. पुढे पांढऱ्या कांद्याच्या करार शेतीत किमान भावाची हमी दिली गेली. बाजार कोसळला तरी कांदा रस्त्यावर टाकण्याची पाळी येऊ नये म्हणून. परदेशी खरेदीदारांच्या अपेक्षा पेलण्यासाठी ‘जैन गॅप’ ही लहान शेतकऱ्याला झेपेल अशी आचारसंहिता तयार झाली.

२००८ मध्ये भवरलालजींना पद्मश्री मिळाली, २०१२ मध्ये जळगावच्या जैन हिल्सवर गांधी तीर्थ हे संग्रहालय उभे राहिले. २०१६ मध्ये त्यांचे निधन झाले. २०१९ मध्ये कंपनीच्या कर्जाचे हप्ते थकले. ती कोंडी २०२२ मध्ये कर्ज पुनर्रचनेने सुटली, पण २०२३ मध्ये परदेशातील सिंचन व्यवसाय रिव्ह्युलिस कंपनीत विलीन करावा लागला.

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात आज लागवडीबरोबरच नळ्या अंथरल्या जातात.