जस्ताची राख आणि जिवाणू

राजस्थानातील जावर येथे निदान सहाशे वर्षांपूर्वी वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशींतून जस्ताचे ऊर्ध्वपातन मोठ्या प्रमाणावर होत असे. ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनने तशा पद्धतीचे एकस्व घेतले ते १७३८ साली. आयुर्वेदातील यशद भस्म म्हणजे मुख्यतः याच धातूचे ऑक्साइड, आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यात नॅनोकणही आढळले आहेत. एवढ्यावरून पूर्वजांना नॅनोविज्ञान अवगत होते असे म्हणणे उतावळेपणाचे. भस्म पाण्यावर तरंगते का, बोटांच्या रेषांत शिरते का, या त्यांच्या कसोट्या बारीकपणाच्या होत्या, आणि उत्तम होत्या. जिवाणू मात्र १६७०च्या दशकात लेव्हेनहूकने पाहीपर्यंत कोणाच्याच दृष्टीस पडले नव्हते.

झिंक ऑक्साइड जिवाणूंना नेमके कसे मारते, याचा पद्धतशीर शोध जपानी संशोधकांनी १९९०च्या दशकात घेतला. त्यांना त्याच्या पाण्यातील मिश्रणात हायड्रोजन पेरॉक्साइड सापडले. कण जितका लहान, तितका त्याच वजनात पृष्ठभाग अधिक, आणि मारकताही अधिक. कणांतून सुटणारे जस्ताचे आयनही जिवाणूला घातक ठरतात. यांतील मुख्य वाटा कोणाचा, हा वाद मिटलेला नाही.

प्रतिजैविके निष्प्रभ होत असताना हा पर्याय मोहक वाटतो. तथापि डुकरांच्या पिल्लांच्या खाद्यात औषध म्हणून मिसळले जाणारे झिंक ऑक्साइड युरोपीय संघाने जून २०२२मध्ये बंद केले: जस्त जमिनीत साचत होते, आणि त्याला पुरून उरणारे काही जिवाणू प्रतिजैविकांनाही दाद देईनासे झाले होते.