साधे घर आणि त्याखालची जागा

आमचा व्यवसाय जागा दाखवण्याचा. भंडाऱ्यात त्यास कुणी 'प्रॉपर्टी डीलर' म्हणते, कुणी नुसते 'दलाल'. आम्हांस दोन्ही चालते. काही वर्षांपूर्वी एकाच आठवड्यात आमच्याकडे दोन माणसे आली. पहिले नागपूरचे एक निवृत्त अधिकारी. त्यांना पवनी रस्त्याला, वैनगंगेच्या जवळपास, एक एकर जमीन हवी होती. तीवर मातीच्या भिंतींचे, कवेलूंच्या छपराचे साधे घर बांधून उरलेले आयुष्य कमीत कमी गरजांत काढावे, असा त्यांचा संकल्प होता. ते मुळात शेतकरी खातेदार असल्यामुळे जमीन खरेदीस कायद्याची अडचण नव्हती. अडचण होती ती जुन्या कवेलूंची आणि सागवानी चौकटींची. दुसरा तिशीतला तरुण. त्याचे गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलेले, वस्ती नव्या गावठाणात. जुन्या घराची दारे, चौकटी आणि काही हजार कवेलू त्याने बैलगाडीने वाहून आणून घरामागे रचून ठेवले होते. त्यास स्लॅबचे घर पुरे करायचे होते आणि पैसे कमी पडत होते. आम्ही दोघांची गाठ घालून दिली. सौदा तासाभरात तुटला. आमच्या वहीत या व्यवहाराची नोंद एका ओळीची आहे.

पुढे आम्हांस त्या एका ओळीने बराच त्रास दिला. साध्या राहणीवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. पण ते साधे घर ज्या जमिनीवर उभे राहते, ती कुणाची, हा प्रश्न त्या लिखाणात क्वचितच येतो. दलालाच्या डोक्यात मात्र दुसरा प्रश्नच येत नाही. तेव्हा व्यवसायाचा हा दोष गुण समजून आम्ही थोडा इतिहास चाळला.

आपला जिल्हा १९५६ पर्यंत मध्यप्रांत आणि नंतर मध्यप्रदेश या राज्यात होता. येथील खेडे मालगुजाराचे असे. शेत, तलाव, बोडी, झुडपी रान यांच्याप्रमाणेच ज्या जमिनीवर गाव वसले ती आबादीही त्याच्याच मालकीची. रयतेचे घर म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर उभारलेल्या आपल्या भिंती. मात्र १९१७ च्या मध्यप्रांत जमीन महसूल कायद्याने गावात जमीन कसणाऱ्यास, कारागिरास आणि शेतमजुरास आबादीत घरापुरती जागा मिळण्याचा हक्क मानला होता. यापलीकडे निस्तार होता. हा शब्द पुण्या-मुंबईच्या वाचकांस कदाचित नवा वाटेल. गावच्या रानातून घराकरिता बांबू-लाकूड, चुलीकरिता जळण, तलावातून पाणी, ठराविक ठिकाणची माती, गुरांना चराई, असे जे गावकऱ्यांचे वहिवाटीचे हक्क, ते निस्तार. त्यांची नोंद वाजिब-उल-अर्ज नावाच्या दस्तऐवजात होई. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही विदर्भाकरिता निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज ही दोन्ही नावे टिकून राहिली.

झाडीपट्टीतले जुने घर या हक्कांतून उगवत असे. भिंतीची माती गावातली, कुडाचा बांबू रानातला, कवेलू गावच्या कुंभाराच्या आव्यातले, सारवणाचे शेण आपल्याच गोठ्यातले. विकत घेण्यासारखे त्यात फार थोडे. हे घर साधे होते ते कुणी साधेपणाचे व्रत घेतले म्हणून नव्हे. घर बांधण्यास लागणाऱ्या बहुतेक गोष्टींना गावात किंमत नव्हती, हक्क होता. अर्थात या चित्राने कुणी भाळून जाऊ नये. आबादीची वाटणी जातीने झालेली होती. कुणाचे घर तलावाच्या उंच काठाला आणि कुणाचे गावाबाहेर खालच्या अंगाला, हे मालगुजाराच्या आधीपासून ठरलेले होते. तेथे साधेपणाही सगळ्यांना सारखा वाट्यास आला नव्हता.

मालगुजारी ३१ मार्च १९५१ पासून संपुष्टात आली. ज्या कायद्याने ती संपली त्यात एक महत्त्वाचे कलम होते: गावठाणातील घर ज्याच्या ताब्यात आहे त्याचेच ते राहील आणि त्याखालची जागाही शासन त्याच्याच नावे कायम करील. आमच्या मते या जिल्ह्यातील घरांच्या इतिहासात याहून मोठी घटना नाही. पण तिचा उत्सव झाल्याचे आम्ही कुणा वृद्धाच्या तोंडून ऐकले नाही. कागद हाती आल्यावाचून हक्क झाल्यासारखे वाटत नाही, आणि कागद यायला, पुढे सांगतो त्याप्रमाणे, सत्तर वर्षे लागली.

आता भंडाऱ्यापासून पश्चिमेस, वर्ध्याकडे वळू; कारण साध्या घराचे भारतातले सर्वांत प्रसिद्ध उदाहरण तेथे आहे आणि आमच्या नागपूरच्या ग्राहकांच्या मनातही तेच होते. १९३६ च्या एप्रिलअखेर गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगावी राहावयास गेले. त्यांची अट होती की घरास पाचशे रुपयांपेक्षा अधिक खर्च होऊ नये, साहित्य आणि मजूर स्थानिकच असावेत. आदिनिवास तसा बांधला गेला; नंतर मीराबहेनने स्वतःकरिता बांधलेली कुटी बापूकुटी झाली. १९४० मध्ये सेगावचे सेवाग्राम झाले. मातीच्या भिंती, बांबू, कवेलू. म्हणजे आमच्या पवनी-लाखांदुरात घरोघरी होते तेच. फरक इतकाच की येथे ते विचारपूर्वक निवडलेले होते. इव्हान इलिच हा युरोपीय विचारवंत १९७८ मध्ये या कुटीत येऊन बसला आणि राहते घर व नुसती इमारत यांतल्या भेदाविषयी त्याने जे व्याख्यान दिले, ते जगभर वाचले गेले.

आम्ही दोनदा सेवाग्रामला जाऊन आलो आहोत. कुटीत शिरताच मन शांत होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण दुसऱ्या खेपेस दलालाचा प्रश्न डोक्यात आलाच: जागा कुणाची? सेगाव हे जमनालाल बजाज यांच्या मालगुजारीचे गाव होते. पाचशे रुपयांच्या हिशेबात जमीन धरावी लागली नाही, याचे कारण हे.

हेच थोरोचे. अमेरिकेतील कॉन्कॉर्डजवळ वॉल्डन तळ्याकाठी त्याने १८४५ मध्ये दहा फूट रुंद, पंधरा फूट लांब अशी खोली बांधली आणि फळ्या, चुना, खिळे यांचा पै-पैचा हिशेब छापला. बेरीज अठ्ठावीस डॉलर साडेबारा सेंट. जमीन त्याचा मित्र इमर्सन याची, म्हणून हिशेबात नाही. पण आम्हांस त्या हिशेबातली दुसरी एक रक्कम अधिक बोचली. फळ्यांसाठी थोरोने जेम्स कॉलिन्स नावाच्या एका आयरिश रेल्वे कामगाराची झोपडी सव्वाचार डॉलरांना विकत घेतली. अट अशी की, दुसऱ्या दिवशी पहाटे कुटुंबाने ती रिकामी करावी. सकाळी ते कुटुंब आपले सगळे किडूकमिडूक एका गाठोड्यात बांधून रस्त्याने जाताना थोरोला दिसले. मग त्याने झोपडी मोडली, फळ्या उन्हात वाळवल्या आणि आपले साधे घर बांधले. थोरोने हे लपवले नाही, हा त्याचा मोठेपणा. पण कॉलिन्स कुटुंब पुढे कुठे राहिले, ते पुस्तकात नाही. हे पान वाचताना आम्हांस आमच्या वहीतली ती ओळ आठवली, हे सांगायला नकोच.

साध्या घरातून आत्मोन्नती, हा गांधीजींचा मार्ग. त्यास ग्रामगीतेतून तुकडोजी महाराजांनी १९५५ मध्ये वैदर्भीय रूप दिले आणि ग्रामशुद्धी, ग्रामनिर्माण यांची शिकवण दिली. आमच्या भागातल्या कित्येक गावांनी ती मनापासून घेतली. पण त्याच काळात दुसराही एक मार्ग होता. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३० च्या दशकात दादरला 'राजगृह' बांधले ते मुख्यतः आपल्या ग्रंथसंग्रहास पुरेशी जागा असावी म्हणून. खेड्यातल्या मातीच्या भिंतींत त्यांना शांती दिसली नाही, जातीची सीमा दिसली. १९४२ च्या नागपूरच्या परिषदेत अस्पृश्यांकरिता स्वतंत्र गावे वसवावीत अशी मागणीच करण्यात आली. १९५४ मध्ये ते भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. आमच्याकडे स्लॅबच्या घराचा हट्ट धरून येणाऱ्या माणसास 'अंथरूण पाहून पाय पसरा' असा उपदेश करण्याचा मोह होतो, तेव्हा आम्ही राजगृहाची आठवण करतो आणि गप्प बसतो.

गोसीखुर्दकडे परतू. पवनी तालुक्यात वैनगंगेवरील या धरणाची कोनशिला राजीव गांधींच्या हस्ते २२ एप्रिल १९८८ रोजी बसली. अडीच लाख हेक्टर सिंचनाचे उद्दिष्ट, ३७२ कोटींचा मूळ अंदाज, २००९ मध्ये राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा, या गोष्टी वाचकांस ठाऊक असतील. भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांतील गावे उठली. भूसंपादन १८९४ च्या कायद्याने झाले. त्यात घराचे मूल्यांकन बांधकाम खात्याच्या रीतीने होई, म्हणजे साहित्याची किंमत काढायची आणि त्यातून वयाप्रमाणे घसारा वजा करायचा.

येथे थोडे थांबले पाहिजे. घसारा म्हणजे वस्तू वर्षागणिक झिजते हे गृहीतक. सिमेंटच्या भिंतीला ते लागू पडते. मातीची भिंत दर दिवाळीआधी लिंपली जाते, कवेलू दर उन्हाळ्यात फेरले जातात, कुजलेला बांबू बदलला जातो. साठ वर्षांचे घर राबत्या हातांमुळे दरवर्षी थोडे नवे होत असते. ते श्रम कुठल्याच रकान्यात बसत नाहीत. साहित्य निस्तारातले, म्हणून त्याची पावती नाही. ज्या दोन गुणांसाठी जगाने बापूकुटीस नमस्कार केला, स्थानिक साहित्य आणि स्वतःचे श्रम, नेमके तेच दोन गुण येथे मोबदला कमी करणारे ठरले. २०१३ मध्ये प्रकल्पग्रस्तांकरिता सुमारे १,२०० कोटींचे विशेष पॅकेज आले. २०१४ पासून अमलात आलेल्या नव्या कायद्याने दिलासा रक्कम शंभर टक्के केली आणि घराच्या बदली घराची तरतूद केली. पण तोवर पुष्कळांचे पंचनामे होऊन गेले होते.

नव्या गावठाणात प्लॉट मिळाला, रस्ते, शाळा, नळ अशा नागरी सुविधांची यादी मिळाली. मिळाला नाही तो निस्तार. भोवतालचे रान दुसऱ्या गावाचे, बोडी दुसऱ्या गावाची. बांबू विकत, जळण विकत, मातीची ट्रॉलीसुद्धा विकत. अशा ठिकाणी मातीचे घर सिमेंटच्या घरापेक्षा स्वस्त राहत नाही. ही गोष्ट आमच्या अधिकारी महाशयांना त्यांच्या घराचा खर्च हाती आल्यावर कळली.

राहता राहिला कागद. २०२० मध्ये स्वामित्व योजना सुरू झाली आणि गावठाणांवरून ड्रोन फिरू लागले. ज्या घरांना शेतसारा नव्हता आणि म्हणून सात-बाराही नव्हता, त्यांची मिळकत पत्रिका तयार होऊ लागली. आता त्यावर कर्ज मिळते, ती विकताही येते. आमचा धंदा वाढेल, यात शंका नाही. महारेराने २०२३ पासून आम्हां दलालांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली आहे. कुणी दिली तर तीही आत्मोन्नतीच म्हणायची. असो.

गेल्या मे महिन्यात आम्ही पवनी रस्त्याने जात असता अधिकारी महाशयांच्या घरापाशी थांबलो. ते अंगणात खुर्ची टाकून बसले होते. दोन पावसाळे छप्पर गळल्यानंतर त्यांनी कवेलू फेरणाऱ्याचा शोध केला, आणि या कामाचा जाणकार आता सहज मिळत नाही. छपरावर तोच तरुण होता. दिवसाची मजुरी ठरवून आला होता. कवेलू उचलायचा, पालथा करून बोटाने ठोकायचा, आवाज बसका आला की बाजूला ठेवायचा. आम्ही खालून विचारले, "काय गा, किती फुटले?" तो म्हणाला, "जुने नाही फुटले भाऊ. यायनं मंग नवे आनून टाकले ना, तेच फुटले."