‘महल’चा शेवट पटतो का?

बॉम्बे टॉकीजचा ‘महल’ (१९४९) गाण्यांसाठी आठवला जातो. वाद होतो तो शेवटावर. शंकरला (अशोककुमार) झुलवणारी कामिनी (मधुबाला) भूत नसून माळ्याची मुलगी आशा आहे, हे कोर्टात उघड होतं. शंकरवर विष घेतलेल्या बायकोच्या खुनाचा आरोप. बायकोच्या पत्रामुळे तो सुटतो, महालात परततो. तोवर त्याच्याच सांगण्यावरून आशाने त्याच्या मित्राशी लग्न केलेलं असतं. तो खुर्चीत बसल्याबसल्या मरतो.

भूतच नव्हतं, तर हे मरण कशाला, असा आक्षेप घेतात. पत्राचा योगायोग मलाही ओढूनताणून आणलेला वाटतो. मरण मात्र नाही. आशाच्या कबुलीने उलगडा होतो तो फक्त कामिनीचा. महालातल्या जुन्या तसबिरीत शंकरचाच चेहरा कसा, याचं उत्तर कमाल अमरोही देत नाहीत. तसबिरीतला माणूस प्रेयसीला ‘परत येईन’ सांगून बुडाला होता. शंकर सुखी झाला असता, तर ती तसबीर नुसती शोभेची उरली असती.

‘महल’चे संकलक बिमल रॉय. त्यांनीच ‘मधुमती’त (१९५८) डाव उलटवला: माणूस वाटलेली बाई तिथे भूत निघते, आणि प्रेमिकांना पुढच्या जन्मी संसार मिळतो. अमरोहींनी शंकरला तेवढाही दिलासा दिला नाही.