प्रत्यार्पण : परक्या देशाला दिलेला शब्द

एका देशात गुन्हा करून दुसऱ्या देशात आश्रय घेतलेल्या आरोपीचा ताबा मिळवण्याच्या कायदेशीर प्रक्रियेस प्रत्यार्पण म्हणतात. भारतात ती १९६२ च्या प्रत्यार्पण कायद्यानुसार चालते आणि विनंती परराष्ट्र मंत्रालयामार्फत जाते. केवळ साक्ष वा कागदपत्रे हवी असल्यास भारतीय न्यायालय परदेशी न्यायालयाला विनंतीपत्र पाठवते. या परस्पर कायदेशीर साहाय्याची जबाबदारी गृह मंत्रालयाकडे आहे.

विनंती केली म्हणजे आरोपी मिळतोच असे नाही. संबंधित कृत्य सामान्यतः दोन्ही देशांत गुन्हा ठरावे लागते. ज्या गुन्ह्यांसाठी ताबा दिला, त्यांव्यतिरिक्त अन्य गुन्ह्यांसाठी दुसऱ्या देशाच्या संमतीविना खटला चालवता येत नाही. मात्र त्याच वस्तुस्थितीतून सिद्ध होणाऱ्या सौम्य गुन्ह्याला भारतीय कायद्याच्या कलम २१ मध्ये सूट आहे.

या अटी किती दूरवर बांधून ठेवतात, हे अबू सालेमच्या प्रकरणातून दिसते. १२ मार्च १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांत २५७ जणांचा बळी गेला. या खटल्यातील आरोपी सालेमला सप्टेंबर २००२ मध्ये लिस्बन येथे अटक झाली. पोर्तुगालमध्ये फाशी नाही आणि कारावासाची कमाल मर्यादा २५ वर्षे आहे. त्यामुळे सालेमला फाशी किंवा २५ वर्षांहून अधिक कारावास होणार नाही, अशी लेखी हमी तत्कालीन उपपंतप्रधान लालकृष्ण अडवाणी यांनी डिसेंबर २००२ मध्ये दिली. त्यानंतरही पोर्तुगीज न्यायालयांतील लढाई चालूच राहिली. सालेम मुंबईत पोहोचला तो नोव्हेंबर २००५ मध्ये.

पुढे त्याच्यावर अतिरिक्त आरोप ठेवण्यात आले. हा अटींचा भंग असल्याचा निर्णय पोर्तुगीज न्यायालयाने २०११ मध्ये दिला. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काही आरोप मागे घेण्यास परवानगी दिली.

२०१७ मध्ये विशेष टाडा न्यायालयाने बॉम्बस्फोट खटल्यात त्याला जन्मठेप सुनावली. मग हमीचे काय? सरकारची हमी न्यायालयाला शिक्षा देण्यापासून रोखत नाही, पण सरकारला मात्र ती पाळावीच लागेल, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये स्पष्ट केले. २५ वर्षांची गणना १२ ऑक्टोबर २००५ पासून होईल आणि मुदत संपताच राष्ट्रपतींना घटनेच्या कलम ७२ नुसार सल्ला देण्यास केंद्र बांधील राहील, असा हा निकाल आहे.

स्फोटांत आप्त गमावलेल्यांना ही मर्यादा जाचक वाटू शकते. परंतु त्या हमीविना सालेम मुंबईच्या न्यायालयासमोर उभाच राहिला नसता. आणि ती मोडली, तर भारताच्या पुढच्या विनंतीवर कोणता देश विश्वास ठेवील?